जासूसवालं गाणं आणि तुझा शेवटचा शब्द

नासीर,

काल तुझ्या मातीहून घरी आलो, आंघोळ केली, ज्वारीची भाकर आणि वरण खाल्लं आणि आडवा झालो तो उजाडल्यावरच उठलो. सुमन सारखी खोलीत डोकावून जात होती म्हणे. एवढ्या वर्षांचा दोस्त गेला, आता आपला नवरा मोडणार, असं तिनं गृहीत धरलं होतं. सकाळी चहा देताना तिला राहवलं नाही.

"तुमी रडले नाई, काहून?"

मी म्हणालो, "मले बरं वाटून राह्यलं."

ती चमकून पाहत राहिली. मलाही माझंच वाक्य ऐकायला विचित्र वाटलं. पण ते खरं आहे, आणि तुझ्याशी खोटं बोलण्याचं आता काही कारण उरलेलं नाही. तू गेलास याचं दुःख आहेच. ते पुढं येईल, सवडीनं, कुठल्या तरी बाजाराच्या दिवशी महागावात तुझ्या दुकानासमोरून जाताना येईल. आज मात्र छातीवरचा दगड कोणी उचलून ठेवल्यासारखं वाटतंय. तू मुका होऊन गेला नाहीस. यापेक्षा जास्त मी काही मागितलं नव्हतं.

लोक आता तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलतील. महागावातला सगळ्यात हुशार मोटार वायंडिंगवाला, पाच वक्ताचा नमाजी, शांत माणूस. शांत! ऑर्केस्ट्रात तुझ्या मागं ड्रम वाजवत मी जी वर्षं काढली, ती या लोकांनी काढली असती तर हा शब्द त्यांच्या तोंडी आला नसता. कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झालेली, मांडव माणसांनी भरलेला, आणि तू मान वाकडी करून गिटारीची तार पिळत बसलेला. "थांब ना बे, अजून लागली नाई." लग्न लागून जायचं, तुझी तार लागायची नाही.

आणि त्या गाण्यापायी तर तू आम्हाला पार वेडं केलंस.

ते गाणं तुझ्या हाती आलं कसं, हे तुझ्या लेकीला, आफरीनला, मी अलीकडंच सांगितलं. तुझा मामेभाऊ आखातातून आला होता, त्यानं तिकडून आणलेल्या कॅसेटींत एक इंग्रजी कॅसेट निघाली. त्यात कुठल्याशा हेरगिरीच्या सिनेमाचं मुख्य गाणं होतं. सिनेमा आपण पाहिलेला नव्हता, पुसदच्या टॉकीजला तो येण्याची शक्यताही नव्हती. गाणं मात्र तू दुकानात लावलंस आणि मला हाताला धरून बाकावर बसवलंस. सुरुवातीला एकटी गिटार, दबकत दबकत, भिंतीला पाठ लावून कोणी सरकत असावं तशी. मग एकदम सगळे ड्रम, सगळे पितळी बाजे अंगावर कोसळतात आणि तो गाणारा गोरा घसा फाडून ओरडायला लागतो. पंपाची जळालेली मोटार वायंडिंगला घेऊन आलेला एक शेतकरी दचकून उभाच राहिला. "भाऊ, शॉर्टसर्किट झालं काय?"

तू हसला नाहीस. माझ्याकडं पाहून म्हणालास, "हे आपन वाजवू."

"आपन? कुठी?"

"लग्नात."

मी किती समजावलं. इथल्या वऱ्हाडाला हिंदी सिनेमातली गाणी पाहिजेत, नागीण पाहिजे, कव्वाली पाहिजे. इंग्रजी ऐकून लोक चपला हातात घेतील. तू ऐकतोस कशाला! कानानं एकेक सूर उचललास. शब्द तर अर्धे इंग्रजी होते, अर्धे तुझे स्वतःचे. त्यांचा अर्थ त्या गोऱ्यालाही लागला नसता. मी म्हणालो, "नुसती धून वाजवू, शब्द कायले पाह्यजे?" त्यावर तू जे बोललास ते माझ्या डोक्यात बसलं. "जासूस असते तो. सगळ्यायपासून लपवून राह्यला. गान्यात तरी बोलू दे त्याले."

पहिल्यांदा आपण ते फुलसावंगीला, आमच्याच भावकीतल्या गोरज लग्नात वाजवलं. नवरदेव घोड्यावरून उतरत होता. तुझी गिटार दबकत निघाली, तसा मांडव गप्प झाला. मग मी दोन्ही हातांनी ड्रमवर कोसळलो. घोडं उधळलं. नवरदेवाचा मामा लगाम धरून आपल्याकडं पाहत ओरडला, "अबे, नवरदेव आला का चोर आला?" सगळा मांडव हसला, तू मात्र डोळे मिटून गात होतास. दुसऱ्या हंगामात लोक स्वतःहून फर्माईश करायला लागले. गाण्याचं नाव कोणाला उच्चारता येत नव्हतं. "ते जासूसवालं वाजवा ना भाऊ."

त्या सिनेमावरून आपण आयुष्यभर भांडलो, न पाहिलेल्या सिनेमावरून. तुझं म्हणणं, शेवटी तो जासूस मरतो, कारण गाण्याचा शेवटचा सूर अधांतरी सुटतो, घरी येत नाही. माझं म्हणणं, मुख्य हिरोला मारून सिनेमा चालत असतो का कुठं? पुढं सगळं जग फोनमध्ये आलं. आफरीननं तो सिनेमा शोधून तुझ्यासमोर धरला, तर तू हातानं फोन बाजूला सारलास. मला राग आला होता. आजही मला कळलेलं नाही की तू हरायला घाबरत होतास की सिनेमा फालतू निघेल म्हणून घाबरत होतास. मी अजून पाहिलेला नाही. कदाचित पाहीन. कदाचित नाही.

ऑर्केस्ट्रा मिटला. डीजे आले, आपले केस पिकले, मी शाळेतून निवृत्त झालो, तू तांब्याच्या तारा गुंडाळत राहिलास. आणि मग तो दिवस.

तुला तो दिवस आठवत होता की नाही, मी कधी विचारलं नाही. पिकांना पाणी द्यायचे दिवस होते. सगळीकडून जळालेल्या मोटारी येऊन पडल्या होत्या. त्या सकाळी घरी तुझं आणि आफरीनचं वाजलं होतं. तिचं नर्सिंगचं शिक्षण झालेलं, नागपूरच्या एका दवाखान्यात नोकरी लागत होती. तू हट्टाला पेटलास. "नागपूर कायले? यवतमाळले का दवाखाने नाईत?" ती रडत म्हणाली, "अब्बू, एक बार सोचो तो." तू दारातूनच "नाई म्हंजे नाई" म्हणून दुकानात गेलास. दुपारच्या आत दुकानातल्या माणसांनी तुला उचलून जीपमध्ये घातलं. उजवी बाजू गेली आणि जीभ गेली.

यवतमाळच्या दवाखान्यातून तू घरी आलास तेव्हा तुझ्याजवळ एकच शब्द उरला होता, "हौ." पाणी पाहिजे? हौ. नको? हौ. दुखतंय? हौ. स्वतःचंच "हौ" ऐकून तुझा चेहरा वेडावाकडा व्हायचा, कारण तुला म्हणायचं असायचं वेगळंच. मी समोर बसून पाहायचो. तुझ्या डोळ्यांत तू पुरा होतास. पण हे मला वाटत होतं. बाकीच्यांना तसं वाटत नव्हतं. लोक तुझ्यासमोर तुझ्याबद्दल बोलायचे, जसं पाळण्यातल्या लेकराबद्दल बोलतात.

आणि त्या घरात तुझा शेवटचा शब्द खिळा ठोकल्यासारखा राहिला. नाई म्हंजे नाई.

हबीबभाईंना मी दोष देत नाही. मोठा भाऊ. टायरचं दुकान सांभाळून त्यांनी तुझं घरही चालवलं. पण आफरीननं पुन्हा नागपूरचं नाव काढलं तेव्हा ते म्हणाले, "बेटा, त्याची जबान बंद झाली. जबान बंद व्हायच्या आधी त्यानं जे म्हन्लं, ते मी कसं मोडू? उद्या अल्लासमोर भावाले काय सांगू?" ती मान खाली घालून उठली. तू खाटेवरून सगळं ऐकत होतास. तू जोरात म्हणालास, "हौ! हौ!" हबीबभाईंनी तुझा हात थोपटला. "पाह्य, तो बी हौ म्हनून राह्यला."

नासीर, त्या वेळचा तुझा चेहरा मी विसरू शकत नाही. स्वतःच्याच शब्दात कोंडलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

थंडीतली दुपार होती. मी फुलसावंगीहून मोटारसायकलनं आलो होतो. तू रागात होतास. तुझी बायको चमच्यानं औषध पाजत होती आणि तू डाव्या हातानं पेला भिरकावला होतास. भाभी फरशी पुसून स्वयंपाकघरात गेली. मला काही सुचेनासं झालं की बोटं वाजायला लागतात, हे तुला ठाऊक आहे. खाटेच्या लोखंडी पाइपावर मी ठेका धरला. कुठला ते मी ठरवलं नव्हतं. हात आपोआप तिथंच गेले. मग मी तुझी गिटार तोंडानं म्हणायला लागलो, ती दबकत जाणारी.

आणि जिथं गाणाऱ्यानं उचलायचं, तिथं तू उचललंस.

शब्द! सबंध ओळ. तुझी ती अर्धी इंग्रजी, अर्धी घरगुती ओळ, एकही अक्षर न अडखळता. आवाज घोगरा झाला होता, वरच्या सुराला फाटला, पण ओळ पुरी झाली. माझा हात थांबला. भाभी कणकेनं माखलेल्या हातांनी दारात उभी होती.

"कौन गाया?"

मी तुझ्याकडं बोट दाखवलं. ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

"और एक बार," ती म्हणाली. तू बोलायला तोंड उघडलंस, आणि निघालं फक्त "हौ". तुझे डोळे घाबरले. मी घाईनं पुन्हा ठेका धरला, पुन्हा ते दबकं चालणं, आणि पुन्हा शब्द आले. या वेळी गाता गाता तुझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तू हसतही होतास. भाभीनं कणकेच्या हातांनीच तोंड झाकून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात तुला घेऊन आम्ही यवतमाळ गाठलं. तिथं वाचा गेलेल्यांना शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, वयानं आफरीनपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांना नवल वाटलं नाही, आनंद झाला. त्या म्हणाल्या, बोलणं मेंदूत एका बाजूला असतं, गाण्याचा मोठा भाग दुसऱ्या बाजूला. एक रस्ता बंद झालाय, दुसरा चालू आहे. "याच चालीत रोजच्या कामाचे शब्द बसवा. लहान लहान. घाई करू नका."

मग तुझ्या घरी जे सुरू झालं ते गल्लीनं पाहिलं. मी रोज यायचो. ठेका मी धरायचो, डाव्या हातानं तू मांडीवर थाप द्यायचास आणि त्या जीवघेण्या चालीवर आपण "पानी दे" बसवलं. जासूस दबकत यायचा, भिंतीला पाठ लावून सरकायचा आणि जिथं ड्रम कोसळतात तिथं ओरडायचा, "पा-नी!" भाभी स्वयंपाकघरातून म्हणायची, "पानी मांग रहे कि गोली चला रहे?" चहा, पांघरूण, दुखते, बस झालं, सगळं त्याच चालीत. आफरीन पोट धरून हसायची. त्या घरात फार दिवसांनी कोणी हसत होतं.

गिटारही निघाली. उजवा हात गेला होता, डावा शाबूत. तू डाव्या बोटांनी तारा दाबायचास, मी शेजारी बसून उजव्या हातानं छेडायचो. दोघांत मिळून एक गिटारवाला. माझा हात चुकला की तू अजूनही तसाच डोळे वटारायचास. एवढ्या वर्षांत "बरं वाजवलं" एवढं तू मला म्हणाला नाहीस, आणि गाऊन बोलायला लागलास तरी म्हणाला नाहीस. ते राहिलंच बघ. जाऊ दे.

पण हबीबभाई मानत नव्हते. ते वाईट बोलले नाहीत, खिन्नपणे म्हणाले, "मास्तर, पोपट बी बोलते. तुमी शिकवलं, तो म्हनते. त्याले समजते काय, हे कोन सांगीन?" पाणी मागणं वेगळं आणि मनातलं सांगणं वेगळं.

नागपूरहून आफरीनला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी हो की नाही ते कळवायचं होतं. शुक्रवारी नमाजनंतर हबीबभाई घरी आले, खाटेसमोर खुर्ची ओढून बसले. भाभी भिंतीशी, आफरीन दारात. कोणी तुला विचारत नव्हतं. तूच डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर थाप मारलीस. एकदा, दोनदा. मला कळलं. मी स्टूल पुढं ओढलं आणि ठेका धरला.

तू सुरुवात केलीस आणि अडकलास. पुन्हा सुरुवात, पुन्हा अडकलास. कपाळाची शीर तटतटली होती. हबीबभाई म्हणाले, "राहू दे, त्याले त्रास होते." मी थांबलो नाही. आयुष्यात मी कधी इतका सांभाळून ठेका धरला नव्हता. आणि मग तो जासूस निघाला, दबकत दबकत, एकेक अक्षर हातात घेऊन.

"आफ-रीन... मी नाई म्हन्लो... ते चुकलं."

कोणी शिकवलेलं नव्हतं हे. मी नाही, मॅडमनी नाही.

"चुकलं. तू... जा."

आफरीननं दाराची चौकट घट्ट धरली. हबीबभाई पुढं वाकले. "नासीर, समजून बोलून राह्यला का रे तू? और एक बार बोल."

तुला आला राग. तोच जुना, तार लागत नसतानाचा. तू मांडीवर थाड थाड थाप दिलीस आणि जिथं सगळे बाजे अंगावर येतात त्या सुरात ओरडलास, "भोंग्या! ऐकू नाई येत काय? जाऊ दे पोरीले!"

मला भोंग्या कोण ते माहीत नव्हतं. भाभीलाही नव्हतं. हबीबभाईंनी टोपी काढून हातात घेतली आणि त्या साठीतल्या माणसाचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "लहानपनी हा मले भोंग्या म्हने," ते आम्हाला म्हणाले. "मी लय जोरानं बोलो म्हनून. अब्बानं मारलं तवा बंद केलं यानं. कोनालेच माहीत नाई हे." मग ते उठले, तुझं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि हुंदके देत हसायला लागले. "आहे बे, आहे. माहा भाऊ आत आहे."

आफरीन नागपूरला गेली. एसटी सुटताना तू खिडकीखाली चाकाच्या खुर्चीत होतास. काहीच गायला नाहीस. गरज नव्हती.

त्यानंतरचा काळ तुला मिळाला याचंच मला समाधान आहे. तू पुरा बरा कधीच झाला नाहीस, चालताही आलं नाही. पण तू भांडलास. मिठावरून, माझ्या ठेक्यावरून, नव्या सरपंचावरून, सगळ्यांशी गाऊन भांडलास. हळूहळू काही शब्द चालीशिवायही यायला लागले. आफरीन रजेवर आली की रात्रपाळीच्या गोष्टी सांगायची, तू मधेच "मंग?" म्हणायचास. साधं, बिनसुराचं "मंग?" ते ऐकायला मी खास फुलसावंगीहून यायचो.

आणि परवा दुपारी तू जेवलास, आफरीनशी दोन शब्द बोललास, कूस बदललीस आणि झोपेतच गेलास. ना नळ्या, ना दवाखाना. लेक घरी होती. भाभी फोनवर रडत होती, पण मधेच म्हणाली, "भैया, तकलीफ नहीं हुई उनको." मी म्हणालो, "शुकर है." आमच्या दोघांच्या रडण्यात सुटकेचा श्वास होता. तो लपवायचा कशाला?

कब्रस्तानात मीही मूठभर माती दिली. लोक पांगले. हबीबभाई तुझ्या उशाशी उभे होते, मी जरा मागं. मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "मास्तर, खरं सांगू? लकवा आला ना, तवाच मी याले मनात पुरून टाकलं होतं. रोज भेटाले येत होतो, पन कबरीवर येल्यावानी येत होतो."

मी म्हणालो, "माहीत आहे, भाई."

"तो उठून आला, मले शिव्या देल्ल्या, मंग गेला." त्यांनी डोळे पुसले. "आज मी जित्या मानसाले माती देल्ली. लय बरं वाटून राह्यलं."